विश्लेषण : ‘ओ’चा शून्य झाला आणि एक माणूस बदनाम झाला… विषाणूच्या जनुकांनी ‘पेशंट झीरो’ला निर्दोष कसे ठरवले?

‘पेशंट झीरो’ म्हणजे साथीचा पहिला रुग्ण. करोनाकाळात हा शब्द आपण वारंवार ऐकला. संगणकातील व्हायरसपासून समाजमाध्यमांवरील अफवेपर्यंत कशाचाही उगम सांगण्यासाठी तो आता वापरला जातो. पण हा शब्द रूढ झाला तो एका अक्षराच्या चुकीच्या वाचनातून. त्या चुकीची किंमत कॅनडातील एका विमान कर्मचाऱ्याच्या नावाने मृत्यूनंतर तीन दशके मोजली. गाएतान द्युगा हे त्यांचे नाव. अमेरिकेत एड्स आणणारा माणूस अशी त्यांची ओळख १९८७ मध्ये जगभर पसरली. २०१६ मध्ये त्यांच्याच रक्तातील विषाणू वाचला गेला आणि ही ओळख निराधार ठरली. द्युगा कोण होते, त्यांच्यावर ठपका कसा आला आणि विषाणूच्या जनुकांतून खरा प्रवास कसा उलगडला, याविषयी…

कोण होते गाएतान द्युगा?

द्युगा यांचा जन्म २० फेब्रुवारी १९५३ रोजी कॅनडातील फ्रेंच भाषक क्यूबेक प्रांतात झाला. एका कुटुंबाने त्यांना दत्तक घेतले आणि क्यूबेक सिटीजवळच्या वस्तीत ते लहानाचे मोठे झाले. सुरुवातीला त्यांनी केशकर्तनाचे काम केले. पण ओढ होती ती विमानाची. त्यासाठी इंग्रजी येणे आवश्यक होते. ते शिकण्यासाठी ते देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हँकुव्हरला गेले. १९७४ मध्ये एअर कॅनडात ते फ्लाइट अटेंडंट म्हणून रुजू झाले.

देखणे, हसतमुख, नीटनेटके राहणारे आणि चारचौघांत सहज मिसळणारे अशी त्यांची आठवण मित्रांनी पुढे सांगितली. द्युगा समलिंगी होते आणि त्यांनी ते लपवले नाही. १९७०चे दशक उत्तर अमेरिकेतील समलिंगी चळवळीच्या दृष्टीने मोकळीकीचे होते. न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस या शहरांत समलिंगी पुरुषांना प्रथमच उघडपणे वावरता येऊ लागले होते. नोकरीमुळे द्युगा यांना स्वस्तात प्रवास करता येई. त्यामुळे या शहरांत त्यांचे येणे-जाणे आणि ओळखी भरपूर होत्या. त्यांचे अनेकांशी लैंगिक संबंध होते. त्या काळात, त्या वर्तुळात ही गोष्ट अपवादात्मक नव्हती.

आजाराचे निदान कधी झाले?

१९८० मध्ये द्युगा यांना कापोसी सार्कोमा झाल्याचे निदान झाले. त्वचेवर जांभळट डाग उठणारा हा कर्करोग तोवर मुख्यतः भूमध्य समुद्राकाठच्या वयस्क पुरुषांमध्ये आढळे आणि तोही क्वचित. सत्ताविशीतल्या तरुणाला तो का व्हावा, हे डॉक्टरांना समजेना. एड्स हा शब्दच तेव्हा अस्तित्वात नव्हता.

पुढच्या वर्षी चित्र बदलू लागले. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने म्हणजे सीडीसीने आपल्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांची नोंद प्रसिद्ध केली. या पाचही समलिंगी तरुणांना एक दुर्मीळ न्यूमोनिया झाला होता. महिनाभरात न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातील २६ समलिंगी पुरुषांना कापोसी सार्कोमा झाल्याचे जाहीर झाले. सगळ्यांमध्ये एकच समान धागा होता. त्यांची रोगप्रतिकारशक्ती ढासळली होती.

द्युगा यांनी न्यूयॉर्कमध्ये केमोथेरपी घेतली. मधल्या काळात बरे वाटले की ते पुन्हा प्रवास करत. आपल्याला कर्करोग आहे आणि कर्करोग संसर्गाने पसरत नाही, अशी त्यांची समजूत होती. डॉक्टरांकडेही तेव्हा याहून ठाम उत्तर नव्हते.

त्यांनी संशोधकांना कशी मदत केली?

१९८२च्या सुरुवातीस सीडीसीचे संशोधक एका प्रश्नाच्या मागे होते. हा आजार कशाने होतो? एखाद्या उत्तेजक द्रव्याने, वातावरणातील घटकाने, की लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या जंतूने? समाजशास्त्रज्ञ विल्यम डॅरो, डॉ. डेव्हिड ऑरबाख आणि त्यांचे सहकारी दक्षिण कॅलिफोर्नियातील रुग्णांच्या मुलाखती घेत होते. जे रुग्ण दगावले होते त्यांच्या जोडीदारांशी आणि मित्रांशी ते बोलत होते. आधीच्या काही वर्षांत कुणाकुणाशी संबंध आले, असा थेट प्रश्न विचारला जाई.

बहुतेकांना नावे सांगता येत नसत. अनेकांशी झालेली भेट क्षणिक होती, नाव विचारलेलेच नव्हते. मात्र काही मुलाखतींत एका फ्रेंच उच्चाराच्या कॅनेडियन विमान कर्मचाऱ्याचा उल्लेख येत राहिला. संशोधक द्युगा यांच्यापर्यंत पोहोचले, तेव्हा त्यांनी टाळाटाळ केली नाही. १९७९ ते १९८१ या काळात आपले दरवर्षी सुमारे २५० जोडीदार होते, असे त्यांनी सांगितले. या तीन वर्षांतील सुमारे ७५० जणांपैकी ७२ जणांची नावे त्यांनी दिली. स्वतःच्या रक्ताचे नमुनेही दिले.

या अभ्यासात एवढी नावे सांगू शकलेला माणूस विरळाच. एड्स लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या जंतूमुळे होत असावा, या तर्काला या अभ्यासातून मोठे बळ मिळाले. द्युगा यांच्या सहकार्याचा त्यात मोठा वाटा होता. पुढे हेच सहकार्य त्यांच्या अंगलट आले.

‘पेशंट झीरो’ हे नाव कुठून आले?

अभ्यासाचे निष्कर्ष मार्च १९८४ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात एक आकृती होती. १० शहरांतील ४० रुग्ण वर्तुळांनी दाखवले होते आणि ज्यांच्यात संबंध आले होते त्यांची वर्तुळे रेषांनी जोडली होती. प्रत्येक वर्तुळात शहराचे संक्षिप्त नाव आणि क्रमांक होता. केवळ एका वर्तुळात शहर नव्हते, नुसते शून्य होते. आठ रुग्ण त्याच्याशी थेट जोडलेले होते. चार कॅलिफोर्नियातले, चार न्यूयॉर्कचे.

हे वर्तुळ द्युगा यांचे होते. सीडीसीच्या रुग्णयादीत त्यांचा क्रमांक ५७ होता. लॉस एंजेलिसच्या अभ्यासात त्यांची ओळख वेगळी ठेवण्यासाठी कॅलिफोर्नियाबाहेरचा या अर्थाच्या इंग्रजी शब्दांतले पहिले अक्षर, म्हणजे ‘ओ’, वापरले गेले. कागदावर इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य यांत फरक तो काय? कार्यालयातील काही जणांनी ते शून्य म्हणून वाचले. बोलण्यात ‘पेशंट झीरो’ रूढ झाले आणि प्रसिद्ध झालेल्या आकृतीतही शून्यच छापले गेले.

एका अक्षराने अर्थ पालटला. ‘ओ’ म्हणजे बाहेरगावचा रुग्ण. शून्य म्हणजे ज्याच्यापासून मोजणी सुरू होते तो. द्युगा यांनी साथ आणली, असे सीडीसीच्या संशोधकांनी त्या लेखात म्हटलेले नव्हते. पण मध्यभागी शून्य आणि तिथून बाहेर जाणाऱ्या रेषा पाहणाऱ्याला दुसरे काही सुचणेही अवघड होते.

आकृती फसवी कशी ठरली?

यात दोन अडचणी होत्या. पहिली माहिती गोळा करण्यातली. ज्याने अधिक नावे सांगितली, त्याच्याशी अधिक रेषा जोडल्या गेल्या. ज्याला कुणाचे नाव आठवले नाही किंवा जो आधीच दगावला होता, तो आकृतीच्या कडेला गेला किंवा आलाच नाही. म्हणजे द्युगा मध्यभागी दिसतात याचा अर्थ त्यांच्यापासून साथ पसरली असा होत नाही. त्यांच्याकडून सर्वाधिक माहिती मिळाली, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी अडचण कालावधीची. संबंध आल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी साडेदहा महिने जातात, असा अंदाज या अभ्यासाने सहा जोड्यांच्या आधारे बांधला होता. एचआयव्हीची लागण झाल्यावर उपचारांविना एड्सची लक्षणे दिसायला सहसा आठ ते दहा वर्षे लागतात, हे नंतर कळले. तेव्हा १९८० किंवा १९८१ मध्ये आजारी पडलेल्या अनेकांना लागण १९७०च्या दशकातच झालेली असणार होती. द्युगा यांच्याशी संबंध आल्यावर वर्षभरात जे आजारी पडले, त्यांच्यापैकी बहुतेकांना विषाणू दुसरीकडून, कितीतरी आधी मिळाला असण्याची शक्यताच अधिक. पण १९८४ मध्ये हे सांगणारे कुणी नव्हते.

अखेरच्या दिवसांत त्यांची भूमिका काय होती?

१९८२ पासून काही डॉक्टर आणि आरोग्य अधिकारी द्युगा यांना लैंगिक संबंध थांबवण्याचा सल्ला देत होते. त्यांनी तो लगेच मान्य केला नाही. पुरावा काय, असे ते विचारत. मार्च १९८३ मध्ये व्हँकुव्हरमध्ये एड्सविषयी जाहीर सभा झाली. द्युगा तिथे गेले आणि तज्ज्ञांना त्यांनी खोदून खोदून प्रश्न विचारले. या वागण्याकडे आज पाहताना हट्ट दिसतो आणि त्यात बेफिकिरी नव्हतीच, असेही म्हणता येणार नाही. पण तेव्हा विषाणू सापडलेला नव्हता, रक्तचाचणी नव्हती आणि समलिंगी संबंधांना नावे ठेवणारी व्यवस्था आपल्याला फक्त घाबरवते आहे, असे मानणारे बरेच जण होते. द्युगा त्यांच्यातले एक.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील फ्रांस्वाज बारे-सिनुसी, ल्यूक माँतान्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेल्या नव्या विषाणूची माहिती मे १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. हाच विषाणू एड्सचे कारण असल्याचे अमेरिकी सरकारने २३ एप्रिल १९८४ रोजी जाहीर केले. द्युगा यांना ते कळले नाही. ३० मार्च १९८४ रोजी क्यूबेक सिटीत, वयाच्या ३१व्या वर्षी त्यांचे निधन झाले होते. ज्या आजाराची माहिती जमवायला त्यांनी हातभार लावला, त्याचे कारण जाहीर होण्याच्या २४ दिवस आधी.

मृत्यूनंतर बदनामी कशी झाली?

१९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील पत्रकार रँडी शिल्ट्स यांचे ‘अँड द बँड प्लेड ऑन’ हे पुस्तक आले. अमेरिकी सरकार, रक्तपेढ्या, वैज्ञानिक आणि खुद्द समलिंगी समाजातील नेते यांनी साथीच्या पहिल्या वर्षांत किती हयगय केली, याचा तो सहाशेहून अधिक पानांचा पंचनामा होता. शिल्ट्स स्वतः समलिंगी होते. रेगन सरकारच्या थंडपणावर त्यांनी ठेवलेले बोट योग्यच होते.

मात्र पुस्तकात द्युगा हे एक ठसठशीत पात्र होते. देखणे, आत्ममग्न आणि जाणूनबुजून आजार पसरवणारे. शिल्ट्स यांनी त्यांचे खरे नाव छापले. अमेरिकेत विषाणू त्यांनीच आणला, असे पुस्तकात ठामपणे म्हटलेले नसले तरी वाचकाच्या मनात तसा ग्रह व्हावा, अशीच मांडणी होती. पुस्तकाला प्रसिद्धी मिळत नव्हती, तेव्हा सरकारी अनास्थेपेक्षा ‘पेशंट झीरो’ची कहाणी पुढे करण्याचे ठरले, असे पुस्तकाच्या संपादकानेच नंतर सांगितले. ऑक्टोबर १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका टॅब्लॉइडने, एड्स आपल्याला देणारा माणूस अशा आशयाचा मथळा दिला. बातमी जगभर गेली. सरकारच्या हलगर्जीपणाविषयीचे पुस्तक एका खलनायकाच्या जोरावर खपले.

द्युगा उत्तर द्यायला हयात नव्हते. क्यूबेकमधील त्यांच्या कुटुंबाला आणि मित्रांना मात्र हा कलंक सोसावा लागला. शिल्ट्स यांचाही १९९४ मध्ये एड्सनेच मृत्यू झाला.

विषाणूच्या जनुकांतून इतिहास कसा वाचतात?

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, हे आपल्याला माहीत आहे. त्यासाठी देशभरातील हस्तलिखिते जमवून त्यांतील पाठभेद ताडून पाहिले गेले. नक्कल करताना लेखनिकाकडून चूक होते. त्या नकलेवरून पुढच्या नकला झाल्या की ती चूकही पुढे जाते. दोन पोथ्यांत एकसारखी चूक आढळली तर त्यांचे मूळ एक असण्याची शक्यता मोठी. अशा तुलनेतून पोथ्यांची वंशावळ मांडता येते.

विषाणूबाबत हेच घडते. एचआयव्हीचा जनुकीय मजकूर नऊ हजारांहून अधिक ‘अक्षरां’चा असतो. पेशीत शिरल्यावर त्याची नक्कल करणारे विकर चुका तपासत नाही. त्यामुळे प्रत्येक पिढीत काही अक्षरे बदलतात. निरनिराळ्या रुग्णांमधील विषाणूंचा मजकूर शेजारी ठेवला की समान बदलांवरून कोण कुणाच्या जवळचा, हे कळते. त्यातून एक वृक्ष तयार होतो. खोडाजवळच्या फांद्या जुन्या, टोकाकडच्या नव्या.

यात काळही मोजता येतो. बदल साधारण ठरावीक वेगाने साचतात. नमुना कोणत्या वर्षी घेतला हे ठाऊक असेल तर बदलांचा वेग काढता येतो आणि दोन फांद्या कधी वेगळ्या झाल्या याचा अंदाज बांधता येतो. याला ‘मॉलिक्युलर क्लॉक’ म्हणतात. हे घड्याळ मिनिट-सेकंद दाखवत नाही. त्याचे उत्तर वर्षांच्या पट्ट्यात येते. नमुने जितके जुने, तितका हा पट्टा अरुंद होतो. म्हणूनच जुने रक्त, जुन्या गाठींचे तुकडे शोधण्यासाठी संशोधक जगभरातील शीतपेट्या आणि रुग्णालयांची कपाटे धुंडाळतात.

मग एचआयव्हीचा खरा प्रवास कोणता?

जगभर पसरलेल्या एचआयव्ही-१चे मूळ आग्नेय कॅमेरूनमधील चिंपांझींच्या विषाणूत आहे, हे २००६ मध्ये रानातील चिंपांझींच्या विष्ठेचे नमुने तपासून दाखवले गेले. शिकार आणि मांस कापताना रक्ताशी संपर्क आल्याने तो माणसात आला असावा, असे मानले जाते.

पुढचा टप्पा किन्शासा, म्हणजे बेल्जियन काँगोची राजधानी असलेले तेव्हाचे लिओपोल्डव्हिल. याच शहरातील १९५९ चा एक रक्तनमुना आणि १९६० मधील लसिकाग्रंथीचा एक तुकडा हे एचआयव्हीचे सर्वांत जुने दुवे ठरले आहेत. अवघ्या वर्षभराच्या अंतराने घेतलेल्या या दोन नमुन्यांतील विषाणू एकमेकांपासून बरेच वेगळे होते. म्हणजे त्यांचा समान पूर्वज कितीतरी आधीचा असला पाहिजे. गणित मांडल्यावर उत्तर विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत येते. वसाहतीच्या काळात हे शहर झपाट्याने वाढत होते. १९४०च्या दशकाअखेरीस रेल्वेने वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक किन्शासामार्गे ये-जा करत. विषाणू खाणींच्या शहरांपर्यंत पोहोचला तो या रुळांवरून.

१९६० मध्ये काँगो स्वतंत्र झाला. बेल्जियन अधिकारी निघून गेले. त्यांच्या जागी फ्रेंच जाणणारे शिक्षक, डॉक्टर, तंत्रज्ञ हवे होते. कॅरेबियन समुद्रातील हैती या देशातून अशी अनेक माणसे काँगोत गेली आणि काही वर्षांनी परतली. विषाणूची ‘बी’ ही शाखा १९६०च्या दशकाच्या मध्यास हैतीत पोहोचल्याचे २००७ मधील अभ्यासाने दाखवले. त्यासाठी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस मायामीत उपचार घेतलेल्या हैतीच्या रुग्णांचे जपून ठेवलेले नमुने कामी आले. उत्तर अमेरिका आणि युरोपातील साथ मुख्यतः याच शाखेची.

द्युगा यांच्या नमुन्यात काय सापडले?

अ‍ॅरिझोना विद्यापीठातील उत्क्रांती जीवशास्त्रज्ञ मायकेल वोरोबी यांच्या गटाने यापुढचे कोडे सोडवायला घेतले. १९७८-७९ मध्ये हेपटायटिस बीच्या अभ्यासासाठी न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोतील समलिंगी पुरुषांचे रक्त घेतले गेले होते. एड्सचे नावही कुणी ऐकले नव्हते, तेव्हाचे हे नमुने. वोरोबी यांच्या गटाने असे दोन हजारांहून अधिक नमुने चाळले. इतक्या वर्षांत आतला आरएनए तुकडे तुकडे झाला होता. म्हणून त्यांनी लहान, एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे वाढवून जोडण्याची पद्धत विकसित केली. त्यातून विषाणूचे आठ जवळपास पूर्ण जनुकीय आराखडे हाती आले. पाच न्यूयॉर्कचे, तीन सॅन फ्रान्सिस्कोचे. सोबत द्युगा यांचा १९८३ मधील नमुनाही वाचला गेला.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणू कॅरेबियन भागातून न्यूयॉर्कमध्ये १९७० किंवा १९७१च्या सुमारास आला. तिथे तो अनेक वर्षे कुणाला न कळता पसरला आणि १९७०च्या दशकाच्या मध्यास सॅन फ्रान्सिस्कोत पोहोचला. १९७८-७९ पर्यंत न्यूयॉर्कमधील विषाणूंत इतके वैविध्य आले होते की ते वर्षभरात साचणे शक्यच नव्हते.

या वृक्षात द्युगा यांचा विषाणू खोडाजवळ नव्हता. इतर शेकडो रुग्णांसारखाच तो मधल्या फांद्यांत होता. अमेरिकेतील साथ त्यांच्यापासून सुरू झाल्याचा कोणताही जनुकीय पुरावा मिळाला नाही. विषाणू न्यूयॉर्कला पोहोचला तेव्हा द्युगा जेमतेम १७-१८ वर्षांचे होते. विमानातील नोकरी लागायला तीन-चार वर्षे अवकाश होता.

याच संशोधनात केंब्रिजचे इतिहासकार रिचर्ड मॅके सहभागी होते. ‘ओ’चा शून्य कसा झाला, याचा छडा त्यांनी जुनी कागदपत्रे आणि मुलाखतींतून लावला. प्रयोगशाळा आणि दप्तरखाना, दोन्हींचे उत्तर एकच आले.

मग आता हैतीला दोषी धरायचे का?

असे करणे म्हणजे जुनीच चूक नव्या नावाने करणे. १९८०च्या दशकात हैतीच्या नागरिकांना एड्सचा ‘जोखमीचा गट’ ठरवले गेले. अमेरिकेत त्यांच्या नोकऱ्या गेल्या, मुलांना शाळांत हिणवले गेले. १९९० मध्ये त्यांना रक्तदान करण्यास बंदी घालण्यात आली, तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावरून हजारोंचा निषेध मोर्चा निघाला.

विषाणूचा मार्ग म्हणजे रेल्वे, वसाहती, व्यापार, स्थलांतर, रक्ताची खरेदी-विक्री आणि माणसांच्या भेटीगाठी यांचा नकाशा असतो. तो ज्यांच्या शरीरातून गेला, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. जनुकीय वृक्ष साथ कधी आणि कोणत्या वाटेने आली, हे सांगतो. कुणाला शिक्षा करावी, हे त्यातून कळत नाही. अमुक माणसाने तमुक माणसाला लागण केली, असे ठामपणे सिद्ध करणेही केवळ या वृक्षावरून शक्य नसते, कारण मधला एखादा न तपासलेला माणूस नेहमीच राहिलेला असू शकतो.

भारतात आलेला विषाणू कोणता?

भारतातील बहुतांश लागण ‘सी’ या उपप्रकाराची आहे. या शाखेचे जवळचे नाते दक्षिण आफ्रिका खंडातील विषाणूंशी आहे, अमेरिकेतील ‘बी’ शाखेशी नाही. म्हणजे द्युगा यांच्याभोवती रचलेल्या कहाणीशी भारतातील साथीचा दुरान्वयानेही संबंध नाही. देशातील पहिली लागण १९८६ मध्ये चेन्नईत उघडकीस आली. ती शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला सेलप्पन यांनी देहविक्री करणाऱ्या महिलांचे रक्तनमुने गोळा केले होते. पुढे १९९२ मध्ये पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली.

दोषी शोधण्याची घाई मात्र इथेही झाली. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही आढळला. ते नियमित रक्तदान करत आणि लागण लक्षात आली तीही त्यातूनच. तत्कालीन कायद्याचा आधार घेऊन पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटे डांबून ठेवले. त्यांनी न्यायालयात दाद मागितली, बाहेर आल्यावर बाधितांसाठी संस्था उभारली. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. एकाने नावे दिली, दुसऱ्याने रक्त दिले. दोघांच्याही वाट्याला आला तो ठपका.

आज या प्रकरणाचे महत्त्व काय?

भारतात २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, एचआयव्हीबाधिताची ओळख उघड करता येत नाही आणि नोकरी, शिक्षण, उपचार यांत भेदभाव करणे बेकायदा आहे. या तरतुदी केवळ दयेपोटी आलेल्या नाहीत. लोक आपले संपर्क खरे सांगतात तेव्हाच साथ रोखता येते आणि सांगणाऱ्याला आपले नाव उघड होणार नाही, याची खात्री लागते. ती नसेल तर रुग्ण चाचणीला येत नाहीत, आले तर माहिती दडवतात आणि विषाणूला मोकळे रान मिळते.

नव्या साथीत जनुकीय तपासणी आता काही दिवसांत होते. करोनाचे नवे उपप्रकार कुठून कुठे गेले, हे जगाने जवळपास रोजच्या रोज पाहिले. ही माहिती सार्वजनिक आरोग्यासाठी अमूल्य आहे. पण कोणत्याही संपर्कसाखळीच्या आकृतीत मध्यभागी दिसणारा माणूस बहुधा तो असतो, ज्याने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रश्नांना सर्वांत मोकळेपणाने उत्तरे दिली. द्युगा यांच्या बाबतीत हे सिद्ध व्हायला त्यांच्या मृत्यूनंतर ३२ वर्षे लागली. ‘पेशंट झीरो’ हा शब्द आता भाषेतून जाणार नाही. तो पुढच्या वेळी एखाद्या बातमीत किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशात दिसला, तर त्या शून्याच्या जागी मुळात एक अक्षर होते, एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही.